जाळीच्या टोपीचं ब्लॉकिंग: आधी धागा ओळखा

सुईवरून उतरलेली जाळीची टोपी आक्रसलेली दिसते. भोकं अर्धी मिटलेली असतात, पानांची नक्षी आहे की चौकड्यांची तेही नीट कळत नाही. ओली करून किंवा वाफ देऊन साच्यावर ताणली आणि तिथेच स्थिर होऊ दिली की ती उघडते. यालाच ब्लॉकिंग म्हणतात. साध्या उलट-सुलट विणीच्या टोपीला ते नाही केलं तरी चालून जातं. जाळीच्या टोपीचं मात्र निम्मं काम इथेच असतं.

अडचण अशी की इंटरनेटवर मिळणाऱ्या बहुतेक कृती मेंढीच्या लोकरीसाठी लिहिलेल्या असतात. "कोमट पाण्यात भिजवा, पिळू नका, ताणून वाळवा." आपल्याकडे तालुक्याच्या दुकानात लोकर म्हणून जो गुंडा हातात पडतो तो बहुधा ॲक्रेलिकचा असतो. ॲक्रेलिकची टोपी भिजवून कितीही ताणून वाळवली तरी साच्यावरून काढल्यावर थोड्या वेळाने पुन्हा आक्रसते. मग विणणारी स्वतःच्या हाताला दोष देते, आणि हात तर चांगलाच असतो. म्हणून टोपी पाण्यात घालण्याआधी धागा ओळखायचा.

गुंड्यावरची चिठ्ठी असेल तर तीच वाचावी. नसेल तर बोटभर धागा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जाळून पाहावा. मेंढीची लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत बाजूला केली की ती आपोआप विझू लागते आणि उरलेली काळी राख बोटांत चुरडली जाते. ॲक्रेलिक वितळत, काळा धूर सोडत भराभर पेटतं आणि मागे कडक काळा मणी राहतो. तो गार होईपर्यंत हात लावू नये, चामडीला चिकटतो. सूत कागदासारखं जळतं, विझल्यावरही टोक क्षणभर लाल धुमसतं आणि मऊ करडी राख पडते. मिश्र धाग्यात वास केसांचा आणि शेवटी मणी, असं दोन्ही दिसतं. अशा धाग्याला ॲक्रेलिक समजूनच वागवलेलं बरं, कारण उष्णतेने बिघडायचा धोका त्याच भागाला असतो.

पाण्याआधीची कामं

टोपी गडद कापडावर पसरून उजेडात बघा. सुटलेला टाका, एखाद्या ठिकाणी दोरा पुढे घ्यायचा राहून गेल्यामुळे न पडलेलं भोक, दोनऐवजी तीन टाके एकत्र विणले गेलेली जागा हे सगळं आत्ताच दिसायला हवं. सुटलेला टाका तसाच राहिला आणि टोपी ताणली तर तो खाली ओळीमागून ओळ उसवत जातो. त्याला लगेच सेफ्टी पिन अडकवा, क्रोशाच्या सुईने वर उचलून आणा आणि त्याच रंगाच्या तुकड्याने आतून बांधून टाका. न पडलेलं एखादं भोक मात्र सोडून द्यावं. ताणल्यावर शेजारची भोकं मोठी होतात आणि ते फारसं जाणवत नाही.

शेंड्याला राहिलेले आठ-दहा टाके बंद करताना दोरा २५ सेंटिमीटर ठेवून कापा. बोथट टोकाच्या, मोठ्या नाकाच्या सुईत ओवून तो सगळ्या टाक्यांतून दोनदा फिरवा. एकदाच फिरवला तर दोन-तीन धुण्यांत शेंडा सैल होतो आणि मधोमध भोक पडतं. एका दमात खेचू नका. अर्धा ओढा, टाके बोटाने सारखे करा, मग पुरता आवळा. ॲक्रेलिक घसरतं, पण जोरात ओढलेला पातळ धागा तुटतोही. गोधडीची सुई किंवा दाभण इथे वापरू नये, त्यांचं अणकुचीदार टोक धाग्याच्या पिळात घुसतं आणि टाका चिरतो.

दोऱ्यांची टोकं लपवणं हे जाळीत सगळ्यांत अवघड. साध्या विणीत टोक कुठेही जिरतं, इथे भोकातून आरपार दिसतं. भोकांच्या मध्ये जिथे दोन टाके एकत्र केलेले असतात, तिथे तिरकी भरीव रेघ तयार होते. टोक त्या रेघेच्या मागून न्यावं, नाहीतर सरळ बॉर्डरीत उतरवावं आणि एका सुलट टाक्याच्या उभ्या रांगेतून चालवावं. मेंढीच्या लोकरीला ५-६ सेंटिमीटर पुरतात, कारण तिचे तंतू एकमेकांत अडकतात. ॲक्रेलिक आणि चकाकणाऱ्या सुताला निदान १० सेंटिमीटर न्या आणि मध्ये एकदा दिशा बदला. उरलेलं टोक लगेच कापू नका. ब्लॉकिंगमध्ये वीण ताणली जाते तेव्हा टोक थोडं आत सरकतं. आधीच जवळून कापलेलं असेल तर ते दर्शनी बाजूने बाहेर डोकावतं. टोपी पूर्ण वाळल्यावर अर्धा सेंटिमीटर ठेवून कापावं.

गावाकडे गोलसुई सहज मिळत नाही, म्हणून बहुतेक टोप्या दोन सुयांवर सपाट विणून मागे सांधतात. त्यासाठी विणतानाच दोन्ही कडांना एकेक टाका जास्तीचा धरलेला असावा. सांधताना दर्शनी बाजू आपल्याकडे ठेवून दोन्ही कडा शेजारी मांडा. कडेचा टाका आणि त्याच्या शेजारचा टाका यांच्यामधली आडवी दोरी सुईने उचला, एकदा डावीकडची, एकदा उजवीकडची. चार-पाच उचलल्या की दोरा ओढा. शिवण आत दडते. वरून काठावर काठ ठेवून गोधडीसारखी शिवली तर डोक्यामागे जाड वरवंटा उठतो आणि टोपी ताणताना तेवढाच भाग ताठ राहतो. माझं मत असं की सपाट टोपी आधी सांधावी, मग साच्यावर घालावी. उलट केलं तर शेंड्याच्या पाकळ्या धड पसरत नाहीत.

टोपी वरून खाली विणली असेल तर शेवट कपाळाच्या कडेला येतो आणि तिथे नेहमीसारखे टाके बंद केले की कड दोरीसारखी आवळते. त्यावर शिवून टाके बंद करण्याची एक रीत आहे; विणकामात मोठं नाव असलेल्या एलिझाबेथ झिमरमन (१९१०–१९९९) यांच्यामुळे ती सगळीकडे पोचली. कडेच्या लांबीच्या तिप्पट दोरा ठेवायचा, म्हणजे ५० सेंटिमीटर कडेला दीड मीटर आणि वर वीतभर. दोरा ओवलेली सुई पहिल्या दोन टाक्यांतून उजवीकडून डावीकडे घाला, ओढा. मग पहिल्या टाक्यातून डावीकडून उजवीकडे घाला आणि तो टाका सुईवरून सोडा. पुढच्या दोन टाक्यांना पुन्हा तेच. अशी कड डोक्यावरून सहज जाते आणि परत जागेवर बसते.

माप

मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर बहुधा ५४ ते ५७ सेंटिमीटर असतो. टोपीचा घेर त्यापेक्षा सुमारे ५ सेंटिमीटर कमी हवा, म्हणजे ती धरून बसते. हे माप ब्लॉकिंगनंतरचं. आधी टेप लावून घेर आणि उंची दोन्ही कागदावर लिहून ठेवा, कारण जाळी आडवी ताणली की उंचीला घटते. २१ सेंटिमीटर उंचीची टोपी घेराला बरीच ताणल्यावर १९ वर येऊ शकते आणि कान उघडे पडतात. उंची जेमतेम असेल तर घेराचा हव्यास सोडावा.

टोपी लहान होण्याचं एक कारण सुयांच्या नंबरात असतं. आपल्याकडच्या सुया जुन्या ब्रिटिश नंबरांच्या. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते: १० नंबर म्हणजे ३.२५ मिलिमीटर, ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, ६ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर. अमेरिकन नंबर उलटे चालतात आणि तिथला ८ नंबर ५ मिलिमीटरचा असतो. तिकडची कृती पाहून आपली ८ नंबरची सुई घेतली तर पूर्ण एक मिलिमीटरचा फरक पडतो. एवढी तूट ब्लॉकिंगने भरून निघत नाही. टोपी ताणून बसते पण नक्षी फाकते. कृतीत मिलिमीटर बघावेत.

मेंढीची लोकर: पाणी

लोकरीचा तंतू भिजला की त्याच्या आतले हायड्रोजनचे बंध सुटतात आणि वाळताना, तंतू ज्या स्थितीत असेल तिथे, पुन्हा जुळतात. म्हणून ती दिलेला आकार धरते. पण पुढच्या वेळी भिजली की बंध पुन्हा सुटतात, तेव्हा लोकरीच्या जाळीचं ब्लॉकिंग प्रत्येक धुण्यानंतर करावं लागतं.

विदर्भात इथे पाण्याचा प्रश्न येतो. बोअरचं पाणी बऱ्याच गावांत जड असतं आणि पूर्णेच्या खोऱ्यातल्या अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर खारंच. जड पाण्यात साबण फाटतो. त्याचा चिकट पांढुरका थर टाक्यांत बसतो, पांढरी लोकर करडी दिसते आणि हाताला राठ लागते. कपड्याचा साबण आणि पावडर दोन्ही टाळा. दोन्ही क्षारयुक्त असतात आणि लोकरीला क्षार सोसत नाही. दोन लिटर पाण्यात अर्धा चमचा शांपू पुरतो. रिठाही उत्तम, जड पाण्यात तो फाटत नाही: पाच-सहा रिठे बिया काढून लिटरभर पाण्यात रात्री भिजत घाला, सकाळी उकळून गाळून घ्या. पांढऱ्या आणि फिक्या टोपीला मात्र रिठा नको, पिवळट झाक येते. शेवटचं पाणी आरओच्या कॅनमधलं घ्या, टोपी बुडेल एवढंच. त्यात एक चमचा पांढरं व्हिनेगर टाकलं तर उरलेला क्षार निघतो.

पाणी कोमट, साधारण ३० अंश, आणि धुण्यापासून खंगाळण्यापर्यंत तितकंच. थंडीत उपसा केल्याबरोबर बोअरचं पाणी कोमट असतं आणि रात्रभर टाकीत राहिलेलं बर्फगार. एकातून काढून दुसऱ्यात घातलं आणि वर चोळलं, तर तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकून लोकर नमद्यासारखी घट्ट होते. मग जाळी कायमची मिटली. टोपी पाण्यात दाबून बुडवा, २० मिनिटं तशीच राहू द्या. काढताना खालून दोन्ही हातांचा आधार द्या, एका टोकाला धरून उचलली तर पाण्याच्या वजनाने लांबते. पिळू नका. पंच्यात गुंडाळून वर पाय देऊन उभं राहा, पाणी पंचा पितो. रंग गडद असेल तर आधी ओला पांढरा कपडा दाबून रंग सुटतो का ते बघा.

साचा म्हणून फुगा सगळ्यांत सोपा. टोपीला हव्या असलेल्या घेराएवढा, टेपने मोजून, फुगवा आणि डब्याच्या तोंडावर बसवा. फुग्याचा रंग फिक्या लोकरीला लागू शकतो, तेव्हा पांढरा फुगा घ्या किंवा वरून पातळ पिशवी चढवा. पहाटेच्या गारठ्यात फुगा आकसतो आणि दुपारच्या उन्हात फुगून फुटतो. घरात सावलीतच ठेवा. फुगा नको असेल तर योग्य घेराचा गंज, म्हणजे पातेलं, उपडा ठेवून त्यावर कोरडा टॉवेल गुंडाळा. नुसत्या स्टीलवर टोपीची आतली बाजू वाळत नाही आणि कुबट वास धरते.

टोपी साच्यावर चढवली की नक्षीची प्रत्येक रेघ बोटांनी सरळ करा, भोकं सारखी उघडा, शेंडा बरोबर मध्यावर आणा. बॉर्डर अजिबात ताणायची नाही. ती साच्याच्या खाली मोकळी सोडा आणि तिच्यात सुती दोरा ओवून हलकी आवळून ठेवा. ब्लॉकिंगमध्ये बॉर्डर ताणली गेलेली टोपी पुढे डोळ्यांवर घसरत राहते. कड कमानींची असेल तर कमानीच्या टोकांतून दोरा घालून तो खाली ओढून बांधा. टाचण्या लावल्याच तर स्टेनलेस स्टीलच्या. साध्या टाचणीचा गंज ओल्या लोकरीत उतरतो आणि निघत नाही.

फुगीर, पसरट टोपीसाठी ताट वापरतात. २६-२७ सेंटिमीटरचं स्टीलचं ताट ओल्या टोपीत सरकवा, बॉर्डर ताटाच्या खालच्या बाजूला मधोमध येऊ द्या आणि सगळं गडव्यावर टेकवा. ताटाची कड गोल वळलेली असावी, धारदार कडेचा पट्टा विणीवर उमटतो.

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडची हवा कोरडी असते, त्यामुळे पातळ टोपी एका दिवसात वाळते. तरी शेंडा आणि शिवण हाताने चाचपून बघा. तिथे ओल राहते, आणि ओली असताना साच्यावरून काढलेली टोपी तेवढ्या भागात परत मिटते.

ॲक्रेलिक: वाफ

ॲक्रेलिकचा तंतू पाणी जवळजवळ पीत नाही, त्यामुळे भिजवून त्याच्या आत काही बदलत नाही. त्याला बदलते उष्णता. ओलसर उष्णतेने तंतू मऊ पडतो आणि गार होताना तो आकार कायमचा धरतो. कायमचा म्हणजे परतीचा रस्ता नाही. जास्त वाफ लागली तर धागा लुळा, चकचकीत आणि निर्जीव होतो आणि त्याला कशानेही पूर्वीची उसळी येत नाही. म्हणून आधी विणलेल्या नमुन्यावर प्रयोग करावा. १२-१५ सेंटिमीटरचा चौकोन विणून त्याचा अर्धा भाग वाफवा. किती वेळ पुरतो ते हाताला लगेच कळतं.

इथे फुगा चालत नाही, वाफेने फुटतो. टॉवेल गुंडाळलेला गंजच घ्या. टोपी ओली न करता चढवा, नक्षी लावा, बॉर्डरीवर कोरड्या कापडाची दुहेरी घडी गुंडाळून ती झाका. वाफेची इस्त्री असेल तर टोपीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर धरून एकेका भागाला पाच-सात सेकंद वाफ द्या, बोटांनी भोकं उघडा, पुढे सरका. इस्त्रीचा तळ टोपीला टेकवायचा नाही, क्षणभरही नाही. वाफेची इस्त्री नसेल तर जुन्या धोतराचा तुकडा ओला करून घट्ट पिळा, टोपीवर पसरा आणि साधी इस्त्री त्या कापडाला जेमतेम लागेल अशी फिरवा, वजन हातात पेलून. कोळशाच्या इस्त्रीने हे करू नये; उष्णता हातात राहत नाही आणि राखेचे कण पडतात. उकळत्या पाण्याच्या वाफेवर टोपी धरणारे धरतात, पण मग ती साच्यावर नसते आणि हातही भाजतात.

सगळीकडे वाफ देऊन झाली की टोपी पूर्ण गार होईपर्यंत, अर्धा तास तरी, हलवू नका. बॉर्डरीला वाफ लागली तर तिची पकड कायमची जाते. यावर इलाज एकच, आतून बारीक इलॅस्टिकचा दोरा ओवणं.

वाफ नीट बसलेली ॲक्रेलिकची टोपी मात्र पुढे किती धुतली तरी उघडीच राहते, पुन्हा ब्लॉकिंग लागत नाही. रोज वापरायच्या टोपीला गावाकडे हा धागा वाईट नाही. त्याला दुय्यम समजायचं कारण नाही.

सूत आणि बाळांच्या टोप्या

कापसाच्या मुलखात सुती टोपडी पुष्कळ विणली जातात. सूत भिजलं की जड होतं आणि त्याला स्वतःची उसळी नसते, तेव्हा साचा हव्या मापापेक्षा थोडा लहान घ्यावा आणि टोपी आडवी आधार देऊनच वाळवावी. नक्षी उठून दिसायला साबुदाण्याची पातळ खळ चालते. बाळाच्या टोपड्याला नको, कडक झालेली कड मऊ कातडीला घासते. बाळासाठी भोकं लहान असलेली नक्षी निवडा, मोठ्या भोकांत बोटं अडकतात. आतली टोकं दुप्पट काळजीने जिरवा, गळ्याशी लांब गोफ लावू नका आणि झोपवताना टोपडं काढून ठेवा.

वारा जाळीतून आरपार जातो. रात्रीच्या विजेच्या लाइनीवर गव्हा-हरभऱ्याला ओलीत करायला जाणाऱ्यासाठी विणलेल्या टोपीला अस्तर हवंच. जुन्या टी-शर्टचं ताणलं जाणारं कापड घ्या, ते ब्लॉकिंगनंतरच्या मापाने कापा आणि बॉर्डरीच्या वरच्या ओळीला आतून सैल तिरक्या टाक्यांनी शिवा. मांजरपाटाचं अस्तर ताणलं जात नाही आणि टोपीची सगळी लवचिकता मारतं. अस्तराचा रंग गडद निवडला तर नक्षी अधिक खुलते.

पऱ्हाटीत किंवा संत्र्याच्या बागेत वावरताना जाळी काट्याला अडकते आणि धाग्याचा फास बाहेर येतो. तो कापायचा नाही. बोथट सुईने फासाच्या दोन्ही बाजूंचे टाके एकेक करून थोडे थोडे ओढत जास्तीचा धागा आठ-दहा टाक्यांत वाटून द्या. तरी उरला तर फास आतल्या बाजूला ओढून घ्या. लोकरीची टोपी असेल तर तेवढ्या जागेवर ओला हात फिरवून ती साच्यावर ठेवा, टाके सारखे होतात.